लाभ, दोन, तीन : कोकणच्या आगबोटीची गोष्ट

वैशाली नगर, भिलाई.

गेल्या आठवड्यात एका कोर्समेटने फोनवर एक माहितीपत्रक पाठवलं. खडकवासल्याला आम्ही तीन वर्षं एकाच स्क्वाड्रनमध्ये होतो. पुढे तो नेव्हीत गेला, मी आर्मीत. पत्रकात निळंशार पाणी, माडांची बेटं आणि एक छोटं पांढरं जहाज. प्रवासी शंभराच्या आत. मोठ्या क्रूझ जहाजांना जिथे शिरता येत नाही अशा उथळ किनाऱ्यांजवळ हे जाणार, जरा लांब नांगर टाकणार आणि रबरी होड्यांतून तुम्हाला वाळूवर नेऊन सोडणार. सात रात्री. खाली त्याने लिहिलं होतं, "लग्नाला वीस वर्षं होतील ना रे तुझ्या? विचार कर."

मी दोघांचं भाडं पाहिलं आणि फोन उलटा ठेवला. बायकोने तो उचलून शांतपणे सगळं वाचलं आणि म्हणाली, "हे तर तुमच्या आजी सांगायच्या तसंच आहे. बोट लांब उभी राहायची आणि होडीतून किनाऱ्याला जायचं. फक्त इथे चादरी पांढऱ्या आहेत."

मग काही क्रूझचा विषय पुढे गेला नाही. आजीचा मात्र गेला.

सध्या माझं पोस्टिंग एनसीसीत आहे. दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर आत, पोलादाच्या गावात. रात्री कधीकधी प्लांटच्या बाजूचं आभाळ तांबूस होतं आणि मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात. इथे बसून समुद्रावर लिहिणं काहींना विचित्र वाटेल. पण विक्रांत या आपल्या विमानवाहू जहाजाचं जे खास पोलाद सेलने दिलं, त्यातलं काही याच भिलाईच्या भट्ट्यांतून गेलं आहे. तेव्हा भिलाईचं समुद्राशी अगदीच नातं नाही असंही नाही.

आमचं गाव देवगडच्या खाडीच्या आत. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. सुट्टीवर येताना मुंबईपर्यंत रेल्वे आणि पुढे आगबोट. मी स्वतः कोकण बोटीत कधी बसलो नाही. माझ्या कळत्या वयात ती बंद पडत आली होती. मला ती माहीत आहे ती आजीच्या तोंडून, आणि नंतर जे काही वाचायला मिळालं त्यातून.

रस्ता नसलेल्या मुलखाचा रस्ता

सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली कोकणची पट्टी अरुंद, आणि तीही सलग नाही. दर काही कोसांवर एक खाडी तिला आडवी कापते. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, वाघोटण, कर्ली. उत्तर-दक्षिण चालायचं तर दर मुक्कामाला तरीची वाट पाहायची. पूर्वेला जायचं तर घाट चढायचा. मुरुडचे धोंडो केशव कर्वे पोरवयात परीक्षेला बसायला दापोली तालुक्यातून कुंभार्ली घाटाने साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि तिथे 'वय लहान दिसतं' म्हणून त्यांना परत पाठवलं. ही गोष्ट आपण जिद्दीचा धडा म्हणून वाचतो. मला ती रस्त्यांची गोष्टही वाटते. ज्या मुलखात परीक्षेला जायला घाट उतरून-चढून चालावं लागतं, तिथे समुद्र हाच हमरस्ता असतो.

इंग्रजांनाही हे चांगलं कळलं होतं. 1886 मध्ये ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला त्यांनी रत्नागिरीला आणून ठेवलं. रेल्वे नाही, धड रस्ता नाही, येणं-जाणं सारं समुद्रावरून. पहाऱ्याच्या दृष्टीने याहून सोयीची जागा कुठली? 1916 मध्ये राजा तिथेच वारला.

आगबोटीच्या आधी याच किनाऱ्यावर आपली गुराबं आणि गलबतं फिरत होती. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं बळ जहाजांच्या आकारात नव्हतं. त्यांची गलबतं उथळ पाण्यात चालत. इंग्रजांची वा पोर्तुगिजांची खोल बुडाची जहाजं बाहेर खोळंबून राहत आणि ही खाडीत शिरून किल्ल्याच्या तोफांखाली उभी राहत. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे किल्ले नकाशावर पाहा. प्रत्येकाच्या शेजारी एक खाडी किंवा आडोशाचं बंदर आहे. पुढे आगबोटीने जे थांबे घेतले ते बरेचसे याच ओळीतले : हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि शेवटी पणजी. आरमाराने शोधलेल्या जागा उतारूंच्या कामाला आल्या.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गोदीत वाफेची जहाजं बांधली जाऊ लागली. मुंबईतच बांधलेलं ह्यू लिंडसे 1830 मध्ये सुएझला जाऊन पोचलं. किनाऱ्यालगतची उतारूंची वाहतूक पुढे शेफर्ड कंपनीच्या आणि तिच्यामागून बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या हातात आली. मुंबईच्या गिरण्या, गोदी, पोलीस आणि घरगडी यांना लागणारी माणसं कोकणातून जात होती आणि त्यांच्या मनीऑर्डरी उलट दिशेने येत होत्या. शिमग्याला चाकरमानी, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या. आमच्यासारख्यांच्या घरात आणखी एक माल : पलटणीतून सुट्टीवर येणारा शिपाई. 1818 नंतर इंग्रजांनी दापोलीला छावणी केली, म्हणून तिला अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. पेन्शनर शिपाई तिथे वस्ती करून राहत. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले. त्या सगळ्या वर्दीवाल्यांचं बंदर म्हणजे हर्णै.

माझी आगबोट

1905 च्या वंगभंगानंतर स्वदेशीची लाट आली ती कापडापुरती थांबली नाही. दक्षिणेत तुतिकोरीनला व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी 1906 मध्ये स्वदेशी आगबोट कंपनी काढली आणि कोलंबोच्या मार्गावर इंग्रज कंपनीला आव्हान दिलं. इंग्रज कंपनीने भाडी पाडली. 1908 मध्ये सरकारने पिल्लैंना राजद्रोहाखाली तुरुंगात घातलं. त्याच सुमाराला कोकणातही सहकारी तत्त्वावर एक देशी बोट कंपनी उभी राहिली. लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. कोकणी माणसाचा जीव कुठे आहे हे चालकांना ठाऊक होतं, म्हणून बोटींची नावं ठेवली रामदास, तुकाराम, जयंती आणि किरिस्ताव उतारूंसाठी सेंट झेवियर. इंग्रज कंपनीच्या बोटीत बसण्यापेक्षा 'तुकाराम'मध्ये बसणं हा साधा, रोजच्या वापरातला स्वराज्याचा अनुभव होता. पुढे 1919 च्या 5 एप्रिलला वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. 'माझी आगबोट'चा मात्र कुठलाच दिन नाही.

ही बोट चालायची कशी, ते आजीच्या शब्दांत सांगतो. भाऊच्या धक्क्यावर सकाळी गर्दी. वळकटी, पत्र्याची ट्रंक, पाण्याचा तांब्या. डेकवर चटई पसरून जागा धरायची. तिच्या कडेने आपलं सामान लावायचं, म्हणजे ती तुमची खोली झाली. गोव्याला पोचायला साधारण एक दिवस आणि एक रात्र लागे. मधल्या बंदरांची माणसं रात्री-अपरात्री उतरत.

आणि खरी परीक्षा उतरताना असे. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूची दांडी असते. नदी आतून गाळ आणते, लाटा बाहेरून त्याला मागे रेटतात आणि मधे वाळू साचते. आगबोटीचं बूड त्यावरून जाऊ शकत नाही. म्हणून बोट बाहेर उभी राहून भोंगा द्यायची आणि किनाऱ्यावरून पडाव निघायचे. पडाव बोटीच्या कुशीला लागला की दोन्ही हलत, पण एका तालात नव्हे. हा वर येई तेव्हा ती खाली जाई. दोन खलाशी बोटीच्या शिडीवर, दोन पडावात. ते सांगतील त्या क्षणी पाय टाकायचा, एक श्वास आधी नाही की नंतर नाही. लहान मुलं हातोहात जात. म्हाताऱ्या माणसांना काखेत धरून उतरवत. माझे वडील चार महिन्यांचे असताना असेच एका अनोळखी खलाशाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेले होते. आजी सांगायची, "माझा जीव त्या दोन हातांच्या मधे होता."

पडावाचा तांडेल त्यांच्याच वाडीतला. शेवटचं माणूस उतरेपर्यंत तो मोजायचा. भात मापताना मोजतात तसं : लाभ, दोन, तीन, चार. पहिल्याला एक नाही म्हणायचं, लाभ म्हणायचं. त्याचा आकडा भरला की मागे कोणी कितीही ओरडो, तो वल्हं मारून निघायचा. पुढची खेप. एकदा आजोबा बोटीवर राहिले आणि आजी-पोरं पडावात आली. आजोबा वर्दीत होते, वरून हाका मारत होते. तांडेलाने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. आजी त्याला जन्मभर शिव्या देत आली आणि प्रत्येक शिवीच्या शेवटी म्हणायची, "पण त्याचा पडाव कधी बुडाला नाही."

सतरा जुलै

सगळे तांडेल तसे नव्हते, आणि समुद्रही दर वेळी माफ करत नाही. 1927 च्या 11 नोव्हेंबरला वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन्ही बोटी एकाच दिवशी बुडाल्या. कोकणातल्या बोटींच्या इतिहासातला सर्वांत काळा दिवस मात्र वीस वर्षांनी आला.

पावसाळ्यात दक्षिण कोकणच्या बोटी बंद असत. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागला की त्या हळूहळू सुरू होत. पण मुंबई बंदराच्या पलीकडचं रेवस जवळचं, आडोशाचं मानलं जाई. तिथली बोट पावसातही चाले. 17 जुलै 1947, आषाढातली अवसेची वेळ. गटारीला गावी पोचायचं म्हणून माणसं निघालेली, सोबत व्यापारी, कोळी, पोरंबाळं. सकाळी 'रामदास' भाऊच्या धक्क्यावरून सुटली. 1936 मध्ये बांधलेली, साधारण 180 फूट लांबीची बोट. काही वेळातच पाऊस आणि वारा वाढला. काशाच्या खडकाजवळ, ज्याला इंग्रज गल आयलंड म्हणत, बोट एका अंगाला कलली. घाबरलेली माणसं एका बाजूला धावली. बोट उलटली.

मुंबईच्या धक्क्यावर कित्येक तास कुणाला पत्ताही नव्हता. पोहून निघालेल्यांनी आणि रेवसच्या कोळ्यांनी आणलेल्या माणसांनी बातमी दिली. त्या कोळ्यांनी होड्यांतली पकडलेली मासळी पाण्यात टाकून माणसांना जागा केली, असं त्या भागात अजून सांगतात. सहाशेहून जास्त माणसं गेली.

'सहाशेहून जास्त' हे मी मुद्दाम मोघम लिहितो आहे. मी वाचलं त्या प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा आहे. कुठे सव्वासहाशेच्या आसपास, कुठे सातशेच्या वर. इतका फरक का? तिकिटं मोजलेली असतात, माणसं नाही. तिकीट नसलेले असतात. कडेवरची पोरं कुणी धरत नाही. खलाशी एका यादीत, उपाहारगृहातली पोरं कुठल्याच यादीत नाहीत. बोट बुडाल्यावर पहिला प्रश्न येतो, 'किती होते?' आणि त्याचं उत्तर धक्क्यावर कुणाजवळच नसतं. ज्यांची प्रेतं मिळाली ती मोजली गेली. जी मिळाली नाहीत त्यांची मोजणी त्यांच्या घरच्यांनी केली, एकेक करून, जेवणाच्या पानांवरून.

स्वातंत्र्याला तेव्हा एकोणतीस दिवस उरले होते. पुढच्या महिन्यात पंजाब आणि बंगालच्या बातम्यांखाली 'रामदास' झाकली गेली. अलिबाग, रेवस, गिरगाव, परळ इथल्या घरांत ती राहिली. देशाच्या आठवणीत राहिली नाही.

जगात सगळीकडे नियम असेच प्रेतांमागून आले आहेत. 1912 मध्ये टायटॅनिक बुडालं आणि 1914 मध्ये समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. 1987 च्या मार्चमध्ये बेल्जियमच्या किनाऱ्याजवळ 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' ही फेरी उलटली. 193 माणसं गेली, आणि जहाजावर नेमकी किती होती हे सुरुवातीला त्यांनाही सांगता आलं नव्हतं. 1994 मध्ये बाल्टिक समुद्रात 'एस्टोनिया' बुडालं, 852 गेले. त्यानंतर 1998 मध्ये युरोपीय संघाने प्रवासी जहाजावरच्या प्रत्येक माणसाची मोजणी आणि नोंदणी सक्तीची केली. म्हणजे आमच्या वाडीच्या तांडेलाला जे अक्षरओळख नसताना कळत होतं, ते कायद्यात उतरायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडला.

बोट गेली कशी

स्वातंत्र्यानंतरही कोकण बोट बरीच वर्षं चालली. 'चंपावती', 'रोहिदास' ही नावं साठी-सत्तरीतल्या वाचकांना आठवत असतील. पुढे मोगल लाइनच्या 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' आल्या. 1980 च्या दशकाच्या अखेरीस हा सगळा कारभार आटोपला.

कोकण रेल्वेने बोट मारली असं पुष्कळजण म्हणतात. हे खरं नाही. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली 26 जानेवारी 1998 ला. तोवर बोट केव्हाच गेली होती. तिला घालवलं एसटीने आणि पुलांनी. 1948 मध्ये एसटीची पहिली गाडी निघाली. खाड्यांवर एकेक पूल होत गेला आणि मुंबई-गोवा हमरस्ता जोडला गेला. एसटी घराच्या वळणावर उतरवते, बारा महिने चालते आणि पडावातून उतरवत नाही. बोट बंद झाली म्हणून आजीने एकही अश्रू ढाळला नाही. "मेली गेली ती बरी झाली," म्हणाली. बोटीची हळहळ शहरात वाढलेल्यांना वाटते. ज्यांना तिच्यातून तान्हं मूल हातोहात द्यावं लागलं, त्यांना ती वाटली नाही. हे लिहिताना मी स्वतःलाही बजावतो आहे.

2018 च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' नावाची क्रूझ सुरू झाली. नाव आंग्र्यांचं, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रात जो प्रवाळांचा उंचवटा आहे, त्याचंही. तोच किनारा, तीच रात्र. पण आता प्रवास हीच चैन होती. पूर्वी माणसं घरी पोचायला बोटीत बसत. आता घरापासून लांब जायला बसतात. यात वाईट काही नाही. फक्त ज्या पाण्यावर आपण फोटो काढतो, त्याखाली कुणाच्यातरी घरचं माणूस आहे, एवढं ठाऊक असावं.

नफरी

फौजेत दिवसाची सुरुवात आणि शेवट गिनतीने होतो. नफरी किती, हजर किती, बाकीचे कुठे. अकादमीत आम्ही याला कंटाळायचो. खडकवासल्याच्या पीकॉक बेमध्ये होड्या चालवायला जाताना आधी मोजायचे, आल्यावर पुन्हा मोजायचे. सोळा जणांत कोण हरवणार, असं तेव्हा वाटे.

2019 च्या ऑगस्टमध्ये मी सांगली-कोल्हापूरच्या पुरात एका कॉलमबरोबर होतो. त्याच दिवसांत पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला गावातलीच एक बोट माणसांनी ओव्हरलोड होऊन उलटली आणि डझनाहून अधिक माणसं बुडाली. आम्ही तिथे नव्हतो, दुसऱ्या गावात होतो. बातमी आली त्याच दुपारी माझ्या बोटीला एका घराच्या गच्चीवरून माणसं घ्यायची होती. बोटीला दहाची मर्यादा. चालक आणि मदतनीस धरून दहा झाले. गच्चीवर एक बाई आणि तिचा मोठा मुलगा राहिले. तिची दोन लहान मुलं आमच्या बोटीत चढली होती. पुढची खेप म्हणजे पाऊण तास. अंधार पडत आला होता. ती काही बोलली नाही, फक्त बोटीतल्या मुलांकडे बघत राहिली.

मी दोघांनाही घेतलं. बारा झाले. पाणी संथ होतं, काही झालं नाही, सगळे सुखरूप उतरले. त्या बाईने मला हात जोडले. लोकांनी मला त्याबद्दल शाबासकी दिली आणि मी ती घेतली. रात्री झोप लागली नाही. मी बरोबर केलं की माझं नशीब बरोबर होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

त्या दिवसानंतर 'रामदास'कडे बघण्याची माझी नजर बदलली. आपण अपघाताच्या गोष्टीत एक हलगर्जी माणूस शोधतो. तिकीटवाला, कप्तान, मालक. तसे असतातही. पण जास्तीचा प्रत्येक माणूस हा कुणाचातरी माणूस असतो आणि त्याला घेण्याचं कारण दर वेळी चांगलंच असतं. कुणाला सणाला पोचायचं असतं, कुणाची आई आजारी असते, कुणाची मुलं आधीच बोटीत बसलेली असतात. दुष्ट माणसाला अडवणं सोपं. चांगल्या कारणाला अडवणं कठीण. म्हणून तो आकडा आधी ठरवून, रंगाने बोटीवर लिहून ठेवायचा असतो. गच्चीवरच्या डोळ्यांकडे बघून तो ठरवता येत नाही.

2024 च्या 18 डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची एक स्पीडबोट धडकली. पंधरा माणसं गेली. चूक कुणाची हे ठरवणारे दुसरे आहेत. मी फक्त एवढंच टिपून ठेवलं की परवाना 84 उतारूंचा होता आणि बोटीवर शंभराहून अधिक माणसं होती. सत्त्याहत्तर वर्षांनंतर, त्याच बंदरात.

या हिवाळ्यात आमचा एनसीसीचा कॅम्प होता. एका दिवशी कॅडेट्सना जवळच्या जलाशयावर नेलं. बोट ठेकेदाराची. बाजूला '20' लिहिलेलं, जॅकेटं निघाली चौदा. मी खाली पोचलो तेव्हा एकतीस जण बसून झाले होते आणि एक पाहुणे फोटोसाठी तयार उभे होते. मी चौदांवर थांबवलं. सतरा जणांना उतरायला सांगितलं. पाहुणे हसून म्हणाले, "कर्नल साहब, पाँच मिनट की तो बात है." मी काही बोललो नाही. तांडेलाची आठवण झाली, म्हणून मान वर करून पाहिलंही नाही.

दोन खेपा झाल्या आणि ऊन उतरलं. तिसरी खेप राहिली. त्यात दुर्गजवळच्या एका खेड्यातली मुलगी होती. तिने आयुष्यात बोट पाहिली नव्हती. ती रडली नाही, पण बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, तिला परत कधी संधी मिळेल ठाऊक नाही.

परतताना तिला गिनतीचं काम दिलं. बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला मोजायचं. सगळे बसल्यावर मी तिला आमच्या गावचा तांडेल सांगितला, लाभ, दोन, तीन. ती म्हणाली, "सर, हमारे गाँव में धान नापते हैं तो पहले को राम कहते हैं." मग ती उठली आणि सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. राम, दो, तीन, चार. नफरी बरोबर होती. बस निघाली.

कोर्समेटला मी अजून उत्तर दिलेलं नाही. जाऊ कदाचित. त्या पत्रकात एक ओळ होती जी मी पहिल्यांदा वाचली नव्हती, बायकोने दाखवली : जहाज सुटण्यापूर्वी सर्व प्रवाशांनी डेकवर हजर राहून मोजणी व सुरक्षा कवायत पूर्ण करणे बंधनकारक. 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' आडवं झालं, त्यानंतरचा हा नियम.

लोकांना तो सुट्टीतला त्रास वाटतो म्हणे. मला त्या सगळ्या पत्रकात तेवढीच ओळ ओळखीची वाटली.

जय हिंद.